काप्पा, इरले आणि मॅकिंतोश

जपानी माणूस रेनकोटला 'काप्पा' म्हणतो. शब्द ऐकायला अस्सल जपानी वाटतो, पण मुळात तो पोर्तुगीज 'कापा', म्हणजे अंगावरून घ्यायचा झगा. १५४३ साली पोर्तुगीज पहिल्यांदा जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. १५४९च्या एप्रिलात फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि ऑगस्टात कागोशिमाला पोचला. या पाद्र्यांच्या आणि खलाशांच्या अंगावरचे जाड लोकरी झगे पाहून जपानी सरदारांना त्यांचा मोह पडला. तसेच झगे त्यांनी शिवून घेतले. लोकर महाग, म्हणून पुढे सामान्य लोकांनी कागदाला तेल चोळून त्याचा काप्पा केला. कपडा बदलला, कापड बदलले, नाव तेवढे राहिले. आज टोकियोच्या दुकानात नायलॉनचा रेनकोट मागताना माणूस नकळत पोर्तुगीज बोलतो. गोव्याच्या बंदरातून मिरची, काजू, पाव कुठे कुठे गेले याच्या गोष्टी आपण मोठ्या हौसेने सांगतो. पावसाचा अंगरखाही याच वाटेवरच्या गलबतांतून पूर्वेकडे गेला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

काप्पा येण्यापूर्वी जपानी शेतकरी उघड्यावर भिजत होता असे नाही. त्याच्याकडे 'मिनो' होते. भाताचा पेंढा किंवा गवत यांच्या जुड्या एकीखाली एक अशा गुंफून केलेला झगा. चित्रात पाहिला की आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्या इरल्याचा लांबचा चुलतभाऊ आहे.

इरले पाहिलेली पिढी आता उताराला लागली. बांबूच्या कामट्यांचा विणलेला सांगाडा, दोन विणींच्या मध्ये पळसाची किंवा तशीच रुंद पाने दाटीने रचलेली, आकार अर्ध्या शिंपल्यासारखा. डोक्यावर घेतले की माथ्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकते. लावणीच्या वेळी बायका ओणव्या झाल्या की पाऊस पाठीवर पडतो, छातीवर नाही. म्हणून इरले पुढून उघडे. दोन्ही हात मोकळे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आतून वारा खेळता. ते अंगाला चिकटतच नाही. लहानपणी सत्तरीतल्या आमच्या शेतात लावणी चालली असता बांधावरून पाहिले, तर चिखलात मोठमोठी कासवे एका रांगेत मागे मागे सरकताहेत असे वाटायचे. वारा सुटला की मात्र इरल्याची तारांबळ. सड्यावर किंवा घाटात त्याचा उपयोग नाही.

तिथे कांबळे. आमच्या डोंगरातल्या गवळी-धनगरांचे ते घरच. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, बोचरी. ऊबदार शालीला नालायक आणि घोंगडीला नेमकी लायक. चरख्यावर सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, खड्ड्याच्या मागावर पट्ट्या विणायच्या आणि पट्ट्या जोडून घोंगडी करायची. चिंचोक्याच्या खळीने नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते, वापरून वापरून मऊ होते. पावसात तिचे एक टोक आत दुमडून खोळ करायची आणि डोक्यावर घ्यायची. शिवण नाही, गुंडी नाही, मापही नाही. बापाची घोंगडी मुलाला होते.

घोंगडी पाणी पूर्णपणे थोपवत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर जुन्याचे गोडवे गाण्याच्या भरात आपण खोटे बोलू लागतो. तास-दोन तासांच्या मुसळधार सरीत ती पाणी पिते आणि जड होते, इतकी की म्हाताऱ्या माणसाला खांद्यावर पेलवत नाही. पण लोकरीचे दोन गुण मोठे आहेत. एक, मेंढीच्या अंगची चरबी धाग्यात थोडीफार उरते आणि पहिले पाणी घसरून जाते. दुसरा, लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओल घेताना थोडी उष्णताही सोडते. म्हणून भिजल्या घोंगडीतही धनगर गारठत नाही. भिजलेल्या सुती सदऱ्यात मात्र डोंगरावरच्या वाऱ्यात माणूस जुलै महिन्यातही थंडीने आजारी पडतो, क्वचित दगावतोसुद्धा. पावसाळी कपड्याचा विचार करताना 'ओले होणे' आणि 'गारठणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धनगराला फार पूर्वी कळले होते.

आता पश्चिमेकडे वळू, कारण आज ज्याला आपण 'जाकीट' म्हणतो त्याचा जन्म तिकडचा.

रबर दक्षिण अमेरिकेचे. तिथले मूळ रहिवासी झाडाचा चीक कापडाला आणि पायांना लावून वाळवत, हे युरोपियनांनी पाहिले होते. पोर्तुगीजांनी रबराला 'बोराशा' म्हटले. मूळ अर्थ दारूची कातडी पिशवी, कारण त्या लोकांच्या रबरी बाटल्या तशाच दिसत. १७५५ साली पोर्तुगालचा राजा पहिला जोसे याने आपले बूट रबराचा लेप देण्यासाठी ब्राझीलमधल्या पारा इथे पाठवले, अशी नोंद रबराच्या इतिहासात आढळते. लिस्बनहून बूट अटलांटिक ओलांडून जायचे आणि परत यायचे! कारण चीक झाडापासून दूर नेला की गोठतो आणि युरोपात त्याचे काही करता येत नाही.

हे कोडे सोडवले ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंतोश या रसायनतज्ज्ञाने. शहरात दिव्यांसाठी कोळशापासून गॅस काढत, आणि मागे उरे डांबर. त्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळते, हे त्याने हेरले. ते द्रावण दोन कापडांच्या मध्ये घालून दाबले की झाले जलरोधक कापड. १८२३ साली त्याने पेटंट घेतले. त्याच्या नावात एक 'के' जास्तीचा घुसवून इंग्रजांनी रेनकोटलाच 'मॅकिंतोश' म्हणायला सुरुवात केली. (आपल्याकडे कपाटात ठेवतात त्या डांबरगोळ्याही याच डांबराच्या घराण्यातल्या. पहिल्या मॅकिंतोशला वास कसा येत असेल, याची कल्पना त्यावरून करावी.)

वास हा तर किरकोळ दोष. उन्हात तो कोट चिकट होई, थंडीत कडक होऊन तडके. शिंपी सुईने शिवे आणि प्रत्येक टाक्याच्या भोकातून पाणी आत येई. आणि आतला माणूस स्वतःच्याच घामाने न्हाऊन निघे. चिकटपणाचा आणि तडकण्याचा उपाय वीस वर्षांनी निघाला. रबर गंधकाबरोबर तापवले की ते ऊन-थंडीत आपला गुण सोडत नाही. इंग्लंडात टॉमस हँकॉक आणि अमेरिकेत चार्ल्स गुडइयर, दोघांनीही १८४३-४४च्या सुमारास पेटंटे घेतली. टाक्यांचा प्रश्न शिवणीवर पट्टी चिकटवून सुटला. आजही जाकीट घेताना आतली बाजू उलटून शिवणींवर पट्टी आहे की नाही ते पाहायचे असते. ते पाहणे या जुन्या दुखण्याचेच आहे. घामाचा प्रश्न मात्र दीडशे वर्षे तसाच राहिला, आणि माझ्या मते आपल्या हवामानात तो अजूनही पुरता सुटलेला नाही.

घामाला तोंड देणारी एक दुसरी वाट होती. पाणी अडवायचे ते लेपाने नव्हे, विणीने. बेसिंगस्टोक गावच्या टॉमस बर्बेरीने १८७९ साली गॅबर्डीन काढले. आधी सूत जलरोधक करून घ्यायचे आणि मग दाट विणायचे. १८८८ साली त्याचे पेटंट झाले. इंग्लंडच्या मेंढपाळांचे झगे मेंढीच्या चरबीने माखून पाणी झटकत, त्यावरून त्याला ही युक्ती सुचली अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, आमच्या धनगराला त्यात नवल वाटणार नाही. अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा त्याच्याजवळ गॅबर्डीन होते. १९२४ साली जॉर्ज मॅलरी एव्हरेस्टवर गेला तोही बाहेरून गॅबर्डीन आणि आतून रेशीम, सूत, लोकर यांचे थर घालून. १ मे १९९९ रोजी त्याचा देह सापडला, तेव्हा त्या कपड्यांच्या चिंध्या अभ्यासकांच्या हाती आल्या. त्यांवरून हुबेहूब कपडे शिवून २००६ साली एव्हरेस्टच्या हिमनदीवर घालून पाहण्यात आले. 'बिचारा कोट-टायवर एव्हरेस्ट चढायला गेला' अशी जी चेष्टा चाले, ती त्यानंतर बंद पडली. कपडे हलके, ऊबदार आणि हालचालीला सोयीचे निघाले.

विणीच्या या वाटेवरचा सर्वांत सुंदर मुक्काम म्हणजे व्हेंटाइल. दुसऱ्या महायुद्धात आर्क्टिक समुद्रातून रशियाकडे जाणाऱ्या जहाजांच्या रक्षणासाठी ब्रिटिश वैमानिक उडत. विमान पडले की बर्फगार पाण्यात ते काही मिनिटांत मरत. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने लांब धाग्याच्या कापसाचे असे दाट कापड विणले, की कोरडे असता त्यातून हवा जाते आणि ओले झाले की सूत फुगून भोके बुजतात. म्हणजे कापूस भिजतो आणि भिजला म्हणूनच पाणी अडवतो! १९४३पासून ते वैमानिकांना मिळू लागले आणि पाण्यात पडलेल्या माणसाला जगण्यासाठी मिनिटांची मुदत वाढवून मिळाली. त्या वाढीव मिनिटांत बोट पोचे. पावसाळी कपड्यांच्या साऱ्या इतिहासात याच्याइतका सरळ जीव वाचवणारा कपडा मला दुसरा दिसत नाही.

आपल्याकडे हे सारे कसे आले? मॅकिंतोश साहेबाच्या अंगावरून आला. पण देशी रेनकोटाची कथा स्वदेशीच्या चळवळीतली आहे. सुरेंद्रमोहन बोस या अमेरिकेत शिकून आलेल्या राष्ट्रवादी बंगाली गृहस्थाने १९२० साली कलकत्त्यात जलरोधक कापडाचा कारखाना काढला. मालाचे नाव 'डकबॅक', बदकाची पाठ. साहेबाचा रेनकोट साहेबाच्याच भाषेतले नाव घेऊन त्याने बाजारात हरवला, ही गंमत आहे. पुढच्या अनेक पिढ्यांच्या शाळेच्या आठवणीत तो रबरी वास भरून राहिला. पाऊस थांबल्यावर वर्गाबाहेर खुंट्यांवर ओळीने टांगलेले, ठिबकणारे ते कोट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

आणि मग प्लास्टिक आले. इरले करणारे हात त्याने एका पिढीत थांबवले. पण जरा निरखून पाहा. आषाढी वारीत पाऊस आला की वारकरी प्लास्टिकचा कागद काढतात, त्याचे एक टोक दुमडतात आणि डोक्यावर घेतात. ती खोळ आहे, घोंगडीचीच. वस्तू गेली तरी हाताची सवय गेली नाही.

आता आजच्या जाकिटाकडे येतो. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला टेफ्लॉन अचानक सापडले. १९६९ साली बॉब गोअरने त्याची तापलेली कांडी हळूहळू ताणण्याऐवजी रागाने एकदम हिसडा देऊन ओढली आणि ती तुटण्याऐवजी लांबच लांब ताणली गेली. त्या ताणलेल्या टेफ्लॉनमध्ये अगणित सूक्ष्म छिद्रे असतात. पाण्याच्या थेंबाला ती फार लहान, वाफेच्या कणाला पुरेशी मोठी. १९७६पासून गोअर-टेक्सचे कापड बाजारात आले. पाऊस बाहेर, घाम बाहेर. मॅकिंतोशचे दीडशे वर्षांचे दुखणे संपले, अशी जाहिरात झाली.

माझा भाचा आंबोलीच्या पठारावर आणि म्हादईच्या जंगलात रात्री-अपरात्री बेडकांचा अभ्यास करतो. पणजीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीला सात हजारांच्या आसपास. त्याने मला विचारले, "मामा, एवढे पंधरा-वीस हजारांचे जाकीट घ्यावे की नको?" जाकिटातले मला जे कळते ते इतिहासाच्या बाजूने, पण हा प्रश्न इतिहासाच्या बाजूनेच सुटतो असे माझे मत आहे. ही जाकिटे कुठल्या पावसासाठी केली, ते आधी पाहावे.

वाफ आतून बाहेर जाते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तर. स्कॉटलंडच्या डोंगरात पावसात पारा आठ-दहा अंशांवर असतो. तेवढ्या थंड हवेत मुळात वाफ थोडीच मावते, म्हणून अंगाजवळची वाफ जोराने बाहेर ओढली जाते. आपल्याकडे जुलैत पंचवीस अंश आणि हवा ओलीचिंब. वाफ बाहेर ढकलणारा जोर तिथल्या निम्म्यावर येतो. त्यात वरचे कापड पाण्याने भिजून गेले की छिद्रांची तोंडे बंद. मग वीस हजारांचे जाकीट आणि दोनशे रुपयांचा प्लास्टिक कागद यांत घामापुरता फारसा फरक उरत नाही. म्हणून 'श्वास घेणारे कापड' या शब्दांना आपण फार किंमत देऊ नये. त्यापेक्षा काखेत लांब चेन आहे का ते पाहावे. ती उघडली की वारा आत येतो. अंगाला घट्ट नसलेले, थोडे लांब, समोरून सहज उघडणारे जाकीट घ्यावे. थोडक्यात, ज्यात इरल्याचा गुण आहे ते.

पाणी थोपवण्याचा आकडा लेबलावर मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळणार नाही, असा त्याचा अर्थ. पाठीवर पिशवी घेऊन चालणाऱ्याला दहा हजारांच्या खालचा आकडा कामाचा नाही, कारण पट्ट्यांखाली कापडावर दाब येतो आणि पहिले पाणी तिथूनच शिरते. करवंदीच्या जाळ्यांतून जायचे असेल तर तळहातावर फुंकरीने उडेल असले हलके जाकीट घेऊ नये. तीन थरांचे, खांद्यावर जाड कापडाचे घ्यावे. टोपीला ताठ कड हवी आणि मान वळवली की टोपीही वळली पाहिजे. आत सुती बनियन नको. पातळ लोकरीचा किंवा लवकर वाळणारा सदरा हवा. सुती बनियनवर महागडे जाकीट घालणारे लोक मी चोर्ला घाटात दर वर्षी कुडकुडताना पाहतो.

नव्या जाकिटावर पाणी कसे अळवावरच्या पाण्यासारखे मोत्यांनी घरंगळते, ते पाहून माणूस भुलतो. तो गुण आतल्या पडद्याचा नव्हे, वरच्या लेपाचा. आणि तो लेपही अळवावरच्या पाण्याइतकाच चंचल. मळ आणि धूर लागला की जातो. सौम्य साबणाने धुऊन, लेबलावर मुभा असेल तर मंद उष्णता दिली की बराच परत येतो. न धुता ठेवणे हीच अशा जाकिटाची सर्वांत वाईट निगा. आपल्याकडे 'पाण्यातच तर असते, धुवायचे कशाला' म्हणून ते वर्षभर धूत नाहीत.

या लेपाची एक काळी बाजूही आता उघड झाली आहे. मोती घरंगळवणारी फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात कुजत नाहीत. पाण्यात, मातीत, माणसाच्या रक्तात साठत राहतात. गोअर कंपनीने २०२२पासून टेफ्लॉनऐवजी ताणलेल्या पॉलिथिलीनचा पडदा काही जाकिटांत वापरायला सुरुवात केली. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी १ जानेवारी २०२५पासून कपड्यांत ही रसायने बंद केली, फक्त अतिपावसाच्या कपड्यांना २०२८पर्यंत सवलत ठेवली. म्हणजे आपण ज्या प्रकारचे जाकीट शोधतो आहोत, नेमके त्यालाच सोडणे सर्वांत अवघड ठरले. विषारी लेपाचे नको असेल तर लेबलावर तसे स्पष्ट लिहिलेले पाहून घ्यावे. नव्या लेपावरचे मोती थोडे लवकर विरतात, तेल-मळ त्यांना जास्त सोसत नाही. तेवढे सोसावे, असे मी भाच्याला सांगितले. ज्या ओढ्यांत तो बेडूक मोजतो, त्याच ओढ्यांत तो जाकीट धुणार.

त्याने शेवटी तीन थरांचे, काखेत चेन असलेले, मध्यम किमतीचे जाकीट घेतले आणि सोबत एक मोठी छत्री. वारा नसेल तिथे छत्रीला तोड नाही, हे माझे जुने मत त्याने ऐकले. रात्री पठारावर तासन्तास एका जागी बसायचे असते, त्यासाठी बेळगावकडून एक घोंगडी आणवली. मिळायला वेळ लागला. लोकरीला भाव नाही म्हणून मेंढपाळ मांसासाठीच मेंढ्या पाळतात, कातरलेली लोकर कित्येकदा फेकून देतात, आणि मागावर बसणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. विणकराने घोंगडी देताना बजावले: पहिला पाऊस खाल्ल्यावर वाऱ्यात वाळवा, चुलीजवळ नको.

ठेवण्याचे तेवढे सांगून संपवतो. स्वस्त जाकिटांना आतून जो पॉलियुरेथेनचा लेप असतो, तो आपल्या दमट हवेत, घडी करून पिशवीत कोंबून ठेवला तर दोन-तीन वर्षांत चिकट होतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून चवथ झाल्यावर उघडीप मिळताच ते धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, हँगरला टांगून ठेवावे. घोंगडीला बुरशीपेक्षा कसर जास्त छळते. तिला दसऱ्याच्या सुमारास कडक ऊन दाखवून, कडुलिंबाचा वाळला पाला घडीत घालून ठेवतात.